डाव्या बाजूचा चिखल

वाल्मेरा, ८ नोव्हेंबर १९९४

ती. आर्मिदाताईस, सा. न. वि. वि.

तू पाठवलेली वाम मासळी पोचली. निम्मी माझ्या संघानेच फस्त केली. ताटावर बरी तुटून पडतात पोरं, गोलपुढे गेली की हातपाय गळतात. सात सामन्यांत एक गोल! लोक ओरडतात, तुल्लिओ, तूच उतर मैदानात. बेचाळिसाव्या वर्षी, या गुडघ्यावर!

खरं कोडं नेरिओचं आहे, आमच्या सेंटर फॉरवर्डचं. गेल्या वर्षी एकोणीस गोल, यंदा शून्य. सराव चुकवत नाही, पीत नाही, बायकोशीही बरं चाललंय. मी चौदा वर्षं त्याच जागेवर खेळलो, तरी मला काही कळत नाही. टेबलावर आपल्या गावच्या जुन्या कोचचा, बालदुच्चींचा फोटो ठेवलाय. रोज विचारतो त्यांना, असा कोच तुम्ही, सांगा ना काहीतरी. अध्यक्ष म्हणालेत, सत्तावीस तारखेला हरलात तर गाशा गुंडाळा.

लोभ असू दे. वाम आता जिंकल्यावरच पाठव.

तुझा तुल्लिओ

---

पोर्तोविंको, १४ नोव्हेंबर

चि. तुल्लिओस, अ. आ.

फोटोला काय विचारतोस, मला विचार. सतरा वर्षं गावच्या संघाचे कपडे धुतलेत मी, त्यातली सहा वर्षं तुझेही. खेळाडू थापा मारतो, चड्डी नाही मारत.

नेरिओचे कपडे धुण्याआधी बघ. चिखल कुठल्या बाजूला आहे? मोज्याच्या वरच्या काठाला तेलकट डाग आहे का? असला तर वास घे. नाक मुरडू नकोस, आमची जिंदगी गेली त्यात. आणि जेवतोस ना वेळेवर?

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

आर्मिदा

---

वाल्मेरा, २१ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

काल सामन्यानंतर कपड्यांच्या टोपलीत डोकं घातलं. कपडे धुणाऱ्या इल्देबाईंनी नेमकं तेव्हाच पाहिलं. चोर समजून झाडू उगारला, मग मी आहे कळल्यावर आणखीच जोरात उगारला.

पण ताई, तू चेटकीण आहेस का? उजवी बाजू चिखलाने बरबटलेली, डावी इस्त्री केल्यासारखी. डाव्या मोज्याला पिवळा डाग, दुखण्यावर चोळायच्या कापराच्या तेलाचा वास. म्हणजे दर वेळी उजवीकडेच पडतो हा! विचारलं तर रडायलाच लागला. ऑगस्टपासून डावा गुडघा गेलाय. जूनमध्ये करार संपतो, म्हणून गप्प होता. म्हणतो, कोच, इंजेक्शन मारा, रविवारी खेळतो. मीही अगदी हेच म्हणालो असतो. दुसरा फॉरवर्ड माझ्याकडे नाही.

आता एक विचारतो, रागाने नाही. माझे कपडे पाहून तुला कळलं होतं का? मग बोलली का नाहीस? एकतिसाव्या वर्षी लंगडा झालो मी.

माया पातळ करू नकोस.

तुल्लिओ

---

पोर्तोविंको, २४ नोव्हेंबर

चि. तुल्लिओस, अ. आ.

कळलं होतं. ब्याऐंशीचा मार्च होता. तुला विचारलं तर म्हणालास, तू आपले दोरीवरचे कपडे मोज. म्हणून तुझी चड्डी आणि मोजे घेऊन मी बालदुच्चींच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलावर पसरले. त्यांनी कोरी डावी बाजू पाहिली, मोज्याचा वास घेतला. त्यांना पटलं होतं, तुल्लिओ. मग कपडे माझ्याकडे सरकवून म्हणाले, आर्मिदा, रविवारपर्यंत हे जरा स्वच्छ धू.

मी धुतले. तेच मला खातं. पुढे तू त्यांची शवपेटी खांद्यावर घेतलीस, तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होते? आता तू विचारलंस.

काय करायचं ते मी नाही सांगणार. कपडे या वेळी तुझ्या टेबलावर आहेत.

तुझी, रागावलास तरी तुझीच,
आर्मिदा

---

वाल्मेरा, २८ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नेरिओला बाहेर बसवलं. एक-शून्यने हरलो. अध्यक्षांनी ड्रेसिंग रूमच्या दारातच हात मिळवला आणि किल्ल्या मागितल्या. नेरिओचं गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, वसंतात पळेल. सध्या तो माझ्याशी बोलत नाही. मीही नसतो बोललो.

बालदुच्चींचा फोटो फाडवेना. पेटीत तळाला ठेवलाय, कपड्यांखाली.

निघताना इल्देबाईंनी माझी पँट धुऊन, घडी करून दिली. मी विचारलं, काय दिसलं हिच्यावर? म्हणाल्या, दोन्ही गुडघे सारखेच चिखलाने माखलेले. शेवटची दहा मिनिटं मी मैदानाच्या कडेला गुडघे टेकून बसलो होतो म्हणे. मला आठवतसुद्धा नाही.

शनिवारी घरी येतोय. हरलोय, तरी वाम तळ.

लोभाचं समोर बसून बोलू.

तुझा तुल्लिओ