प्रौढ ४१-अ यांनी सहभाग सोडलेला नाही

प्रति,
मा. प्रमुख संशोधन अधिकारी,
श्वसनविकार अभ्यास कक्ष,
सार्वजनिक रुग्णालय, तिसरा मजला.

विषय : प्रौढ ४१-अ यांच्या नोंदीतील चूक दुरुस्त करून बालक ४१-ब हिला लेखी उत्तर मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले ‘सहभाग सोडल्याबाबत’ चे पत्र. २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, उत्तर अप्राप्त.

महोदय,

१. अर्जदार ही याच रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करते. प्रौढ ४१-अ हे तिचे पती, पुस्तकबांधणी कारागीर. बालक ४१-ब ही मुलगी, वय सात. विषाणूचा ताप आल्यावर मुलांच्या आणि मोठ्यांच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) कशी वेगवेगळी तयार होतात, हे ताडून पाहण्याच्या आपल्या अभ्यासात दोघांची नावे घातली गेली ती पतींच्या हौसेने. “चार लेकरांच्या कामी येईल,” असे ते म्हणाले. पहिला नमुना देताना सुई पाहून त्यांनीच तोंड फिरवले. मुलीने त्यांचा हात धरला होता.

२. दोघांनाही तो ताप होता. मुलीचा दोन दिवसांत उतरला. पतींचा आजार छातीत उतरला व अकराव्या दिवशी तळमजल्यावरील वॉर्डात ते वारले. त्या वॉर्डाच्या चादरी अर्जदाराच्याच टेबलावर येतात. याबाबत तक्रार नाही.

३. दुसऱ्या नमुन्यानंतर परिचारिकाताई कौतुकाने म्हणाल्या, “हिच्या रक्तात भरपूर अँटीबॉडी आहेत हं!” त्यावर मुलीने विचारले, “मग त्यातल्या थोड्या पप्पांना का नाही दिल्या?” ताई नळीवर क्रमांक चिकटवू लागल्या. त्यातच मुलीची आत्या तिच्यादेखत बोलून गेली की, “आजार हिनंच घरात आणला.” तेव्हापासून मुलगी भिंतीकडे तोंड करून जेवते आणि आईजवळ झोपत नाही. अर्जदाराने परोपरीने समजावले, परंतु पालथ्या घड्यावर पाणी.

४. अशात आपले पत्र आले : ‘प्रौढ ४१-अ यांनी स्वेच्छेने सहभाग सोडला आहे. कारण कळवावे.’ अर्जदार कामावर असताना मुलीने ते अक्षर अक्षर लावून वाचले. ‘स्वेच्छेने’ म्हणजे काय, हे ती शेजारी विचारून आली आणि संध्याकाळी म्हणाली, “म्हणजे पप्पा माझ्यावर रागावून गेले.”

५. अर्जदार दुसऱ्या दिवशी आपल्या कक्षात आली. लिपिक साहेबांनी सांगितले, “हजर, गैरहजर आणि सोडला, एवढेच रकाने आहेत, बाई. मृत असा रकानाच नाही.” मृत्यूचा दाखला याच इमारतीतून मिळाल्याचे दाखवले असता, दुरुस्तीच्या अर्जावर सहभागी व्यक्तीची स्वतःची सही लागेल, असे कळले. ती सही आणणे अर्जदारास शक्य नाही. हा अर्जही त्याच कारणाने अडवू नये.

६. परवा जिन्यात आपल्या कक्षातील डॉक्टर भेटले. या तपासणीवरून कोणाचा आजार कोणाला लागला हे सांगता येत नाही, असे ते जाता जाता म्हणाले. हेच वाक्य कागदावर मागितले असता, “वरून परवानगी लागेल,” असे म्हणून ते निघून गेले. त्या एका वाक्यासाठी हा अर्ज आहे. मुलगी आईचे ऐकत नाही, पण शिक्का मारलेले पत्र मात्र तिला खरे वाटते. हे तिला आपणच शिकवले आहे.

७. येत्या मंगळवारी मुलीचा तिसरा नमुना आहे. “माझं रक्त वाईट आहे, कोणाला लागेल,” म्हणून ती येण्यास तयार नाही. तरी अर्जदार नाव काढून घेत नाही. पतींनी सहभाग सोडला नव्हता. मायलेकीही सोडणार नाहीत.

तरी कृपा करून ‘तुझे वडील आजाराने गेले. तुझ्यामुळे गेले असे कोणालाही म्हणता येणार नाही.’ एवढाच मजकूर मोठ्या अक्षरात, सही-शिक्क्यानिशी मंगळवारच्या आत द्यावा. पाकिटावर क्रमांक घालू नये, मुलीचे नाव घालावे. ते या अर्जाच्या मागील बाजूस तिच्याच हस्ताक्षरात आहे.

आपली नम्र,
(सही)
प्रौढ ४१-अ यांची पत्नी
दिनांक : शुक्रवार, दुपारची पाळी सुटल्यावर

सोबत : मृत्यूचा दाखला, प्रत तिसरी.