एकशे सत्तावीसचा ताप

भेस्तान, सुरत
मार्च १९९९

ती. सौ. कमलताईस,
धाकट्या वत्सलाचा वाकून नमस्कार.

"त्याचं नाव या घरात पुन्हा निघायचं नाही," असं तू किती वर्षांपूर्वी देवघराच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होतीस. ते मी आजवर पाळलं आहे. म्हणून या पत्रातही तुझ्या मुलाचं नाव येणार नाही. त्याला मी दुरुस्तीवाला म्हणेन. (गुजरातणीशी लग्न केलं म्हणून नाव गेलं, हातातली कला तर गेली नाही ना.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे बरे आहोत. आजारी होता तो फक्त कॉम्प्युटर.

हो, ज्यावर मी साड्यांच्या किनारी काढते तोच. तो दुरुस्तीवाल्यानेच सुटे भाग आणून जोडून दिला, आणि चोरीचं काही नको म्हणून त्यात लिनक्स नावाचं, फुकट मिळणारं काहीतरी घातलं. (संस्कार तुझेच.) मागच्या खेपेला त्याने आणखी एक सोय केली. मशीन आतून किती तापलं आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागलं. तो कोसाडला आपल्या घरी पोहोचलाही नसेल, तोवर मी तिथे बघते तर आकडा एकशे सत्तावीस डिग्री! ताई, पाणी शंभराला उकळतं एवढं मला शाळेतलं अजून आठवतं.

मग काय विचारतेस. यांनी रबरी हातमोजे घालून बाजूचा पत्रा काढला. आत शेजारच्या यंत्रमागांवरून उडून आलेला कापसाचा भुसा बसला होता, तो दाढीच्या ब्रशने झाडला. आकडा तोच. यांच्या उशाचा टेबलफॅन मी उचलून मशीनसमोर लावला. आकडा तोच. मशीन माठाशेजारी हलवलं, दर थोड्या वेळाने बंद करून विसावा दिला, किनारी अर्ध्यावर राहिल्या. सकाळी थंड खोलीत नुकतंच सुरू केलं तरी तोच आकडा. हे घामाघूम होऊन म्हणायचे, "माले पंखा नही, नि या डबडाले पंखा!" हात लावून बघायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नाही. एकशे सत्तावीसला हात लावला तर भाजणारच, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

रविवारी दुरुस्तीवाला आला, सोबत चंचल. (सुनेचं नाव काढायचं नाही असं तू म्हणाली नव्हतीस, म्हणून काढते.) त्याने खुर्ची ओढेपर्यंत तिने उघड्या बाजूने आत हात घातला आणि लेकराचं कपाळ बघावं तसा तळवा ठेवला. म्हणाली, "मासी, आ तो ठंडुं छे!" तो हसायला लागला. "मावशी, खरा ताप चढतो, उतरतो. हा आकडा हललाच नाही, तेव्हाच ओळखायचं होतं."

मग त्याने समजावलं. ताप मोजायच्या तीन जागा आहेत. दोन जागांचे आकडे चाळिशीच्या आसपास, शहाण्यासारखे. कोपऱ्यात दिसायचा तो तिसऱ्या जागेचा आकडा, आणि तिला आत तारच जोडलेली नाही. आणि जिथे काही जोडलेलंच नसतं, तिथून हे मशीन त्याला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा आकडा आणून दाखवतं. त्याने एका फाइलीत एक ओळ लिहिली, तिसऱ्या जागेकडे लक्ष देऊ नकोस म्हणून. झालं बरं.

तेव्हापासून माझ्या मनातून ते जात नाही. इतके दिवस मी कुणाला वारा घालत होते? जिथे तारच नाही तिथे थंड असायला हवं होतं, निदान गप्प; आणि सगळ्यात मोठा ताप तिथलाच. (ताई, मी कॉम्प्युटरबद्दलच बोलते आहे. चष्मा काढू नकोस.) जाताना तो जिन्यावर थांबला, चप्पल शोधल्यासारखं करत म्हणाला, "आईचे गुडघे?" मी म्हटलं, बरे आहेत. तुझं पत्र आलेलं नव्हतं, पण त्याला काय सांगणार?

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
वत्सला

ता. क. कॉम्प्युटर आता छान चालतो. तुला त्याचं काही पडलेलं नाही हे मला माहीत आहे.

आणखी एक ता. क. आई गेल्यापासून आखाजीच्या सणाला मी तुझ्याकडेच येते, माझं माहेर आता तूच. चंचललाही तिच्या माहेरी कुणी दारात उभं करत नाही. सणाला लेकी झोके घेतात आणि ती पोरगी कोसाडच्या खोलीत खिडकीशी बसून असते. यंदा तिला सोबत आणू का? सून म्हणून नाही, माझी लेक म्हणून. दुरुस्तीवाल्याला आणणार नाही, तो वरणभात करून खाईल. तू नाहीच म्हणशील. तरी विचारते, आणू का?