कपाटाखाली तिघं

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार (तूर्त मानेपर्यंतच, बाकीचा खांदे सुटल्यावर करीन). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींनी जिना चढणं सोडलं, की जिन्यानंच त्यांना सोडलं? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे जी माणसं बोलत नव्हती ती आता बोलतात, आणि त्याचाच हा वृत्तान्त.

लेकीनं ऑफिसातली नोकरी सोडली आणि तुझ्या गावातल्या कारखान्यात सुतारकाम शिकायचं ठरवलं, हे तू जाणतेसच. तिनं तुझी मागची खोली मागितली तेव्हा कुठे हिला सगळं कळलं, आणि तिथून एकोणीस दिवस मायलेकींचा अबोला. सगळी देवाणघेवाण माझ्यामार्फत. (लेक म्हणायची, आईला सांगा आमटीत मीठ जास्त झालंय. ही म्हणायची, तिला सांगा, रंधा मारून कमी कर. मी दोन्हीकडे नुसतं ‘बरं’ पोचवायचो.) पोरगी अशी रुसून गेली तर पुन्हा उंबरा चढायची नाही, अशी धास्ती मला बसली. म्हटलं, तिघांनी मिळून एखादं काम काढावं. स्वयंपाकघरात टांगायचं कपाट आठ महिने पलंगाखाली पडलं होतं, तेच काढलं.

काम एकत्र, पण अबोला कायम. हिनं वरच्या स्क्रूंच्या खुणा छतापासून खाली मोजून केल्या, लेकीनं खालच्या खुणा जमिनीपासून वर, आणि एकमेकींना आकडा विचारणार कोण? वरची भोकं जुळली, खालची चार बोटं चुकली. कपाट नुसतं वरच्या दोन स्क्रूंवर आहे, कुणी हात लावू नका, असं मला बजावून लेक ड्रिलसाठी लांब वायर आणायला आत गेली. मी हिला सांगायचं विसरलो (निरोप्याची नोकरी, एखादा निरोप राहतोच), आणि हिनं, झालं एकदाचं, म्हणून सोळा बरण्या आत मांडल्या. सोळावी ठेवली आणि भिंतीतून ‘कर्र’ असा आवाज आला.

मग काय, लेक धावत आली आणि तिघंही हात वर करून कपाटाखाली. उजवा स्क्रू अर्धा बाहेर, गिलावा डोळ्यांत, आणि तेलाची बरणी कलंडून धार माझ्या मानेवरून थेट सदऱ्यात. सोडायची कुणाची छाती होती? ही म्हणाली, “कोपर ताठ ठेव, तुझ्याकडून खाली येतंय.” मी म्हटलं, ठेवलंय. “तुम्हाला नाही, तिला.”

एकोणीस दिवसांतलं ते पहिलं थेट वाक्य. मी श्वास रोखला (तसाही घेता येत नव्हता). मग माझ्या डोक्यावरून भांडण सुरू झालं. नोकरी सोडायच्या आधी सांगायला काय झालं होतं? “तू नाही म्हणाली असतीस.” “म्हणाले असते. दोन दिवसांनी हो म्हणाले असते. तेवढे दोन दिवससुद्धा नाही दिलेस.” तेवढ्यात स्क्रूही बोलला, पुन्हा ‘कर्र’.

शेवटी लेकच म्हणाली, “आई, मी भार घेते. तू एकेक बरणी काढ. आधी उजवीकडची.” आणि हिनं निमूटपणे ऐकलं. (एवढ्या वर्षांत माझं एकदा ऐकलं असेल तर शपथ.) नवव्या बरणीला स्क्रू सुटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला, पण हलायची सोय नव्हती. सोळाच्या सोळा वाचल्या. मग मायलेकींनी एकच टेप दोन टोकांना धरून नवी मापं घेतली, आणि मला स्टुलावर बसवून ठेवलं. कपाट आता सरळ आहे. बरण्या लावता लावता ही पुटपुटली, “हात चांगला आहे तुझा.”

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम आता सांगतो. ‘ये, खोली झाडून ठेवली आहे’ हे तुझं उत्तर बारा दिवसांपूर्वीच आलं. ते मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. वाटलं, दोघी बोलायला लागल्या की ती जाणारच नाही. आता बोलतात, तर हीच विचारते, आत्याचं उत्तर कसं नाही, पोरीचा प्रवेश चुकेल. तेव्हा तेच उत्तर आजच्या तारखेनं पुन्हा धाड.

ता. क. २ : पत्र टाकायला लेकीकडे देतोय. पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. ३ (अक्षर वेगळं आहे, ओळखशीलच) : आत्या, बाबांनी चिकटवलेलं काहीच टिकत नाही. दुसरं उत्तर धाडू नकोस. ‘आत्याच्या घरी जायला उत्तराची वाट कशाला बघायची’ असं बाबांना सांगून रविवारी येते. सोडायला बाबाच येतील. त्यांच्यापाशी पत्राचा विषय काढू नकोस. आम्हाला कळलंय हे त्यांना कधीच कळू द्यायचं नाही, असं आईनं आणि मी मिळून ठरवलंय.