कोलेस्टेरॉल आत नेतं कोण

सोमवार, ३
माझं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्या. नातीला विचारलं, ते शरीरात राहतं तरी कुठे? ती प्रयोगशाळेत तीन वर्षं हेच बघतेय. म्हणाली, ‘आजी, पेशीच्या पातळ आवरणात असतं, भिंतच म्हण. जास्त झालं की आत जातं.’ आत तर सगळं पाणी, तेलकट कण जाईल कसा? — तर म्हणे एक प्रथिन आहे, हमालासारखं. कण खिशात घालून आत पोचवतं. मग आतल्या कारखान्याला कळतं, की पुरे, नवं करू नका.

पेशीला कळतं. आमच्या घरात पुरे म्हटलेलं कुणी ऐकत नाही. (मी सांगते ते लिहून घेणारी सूनबाई, नातीची आई, हसली नाही.)

बुधवार, ५
नातीने पेशींतला तो हमालच काढून टाकला होता. कण भिंतीत अडकायला हवेत. आज बघते तर निम्मे आत! तिला वाटतंय, पेशी ठेवलेल्या बशांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या चुकल्या. पुन्हा करणार.

शुक्रवार, १४
चिठ्ठ्या बरोबर होत्या. कण आतच.

सोमवार, १७
तिचे सर म्हणाले, ‘कण आत दिसतात ते चित्र प्रबंधातून गाळा. महिनाअखेर पदवी हातात.’ पदवी मिळाली तरच ठरलेली नोकरी. तिकडची माणसं वाट बघतायत.

सूनबाई म्हणाली, ‘गाळू दे की. एका चित्राने काय बिघडतं?’
मी म्हटलं, ‘बिघडत नाही गं. पण हमाल नव्हता, तर नेलं कुणी?’
‘आई, तिच्या डोक्यात भुंगा सोडू नका.’
मी कशाला सोडू? पोरगी जेवताना भाताकडे बघत बसते, तो काय भाताचा दोष?

मंगळवार, १८
रात्रीपर्यंत वही उघडली नाही. सूनबाईचं डोकं दुखत होतं. कधी दुखतं ते मला कळतं.
(हे वाक्य तिने कुरकुरत लिहिलं.)

गुरुवार, २०
नातीने चित्र गाळलं नाही. सरांकडे आपणहून एक वर्ष मागून घेतलं — दुसरा हमाल शोधायला. नोकरी गेली.

सूनबाईने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता रडते. मग तिने नातीला हाक मारली.

‘अगं, एका वर्षात सापडेल का तो?’