दिवस तिसरा, दुपार : बाळाच्या घरी जेवण

आचऱ्याच्या अलीकडून,
२६ नोव्हेंबर

चिरंजीव लिहावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी थोरला, तीर्थरूप लिहावं तर तशी लक्षणं नाहीत, म्हणून नुसतंच : मामेभाऊ सुशांत यास, आतेभाऊ बाळाचा घ्यावा वाटला तर नमस्कार.

तुझ्या कमरेचा पट्टा सुटला का? साखर खाली आली का? (डॉक्टरने खाली बसून जेवायलाही मनाई केलेल्या माणसाने चार दिवस मोटारसायकलवर बसायचं ठरवलं, हे त्या डॉक्टरला कळवलं आहेस ना?) मामींना माझा दंडवत सांग. इकडे तुझी भावजय किशोरी बरी आहे, गाय बरी आहे, माकडांनी यंदा नारळ आमच्यासाठी मोजून चौदा ठेवले. मीही बरा होतो. दिवाळीत तुझी पीडीएफ आली आणि तेव्हापासून नाही. हे पत्र पोस्टाने पाठवतोय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर मी काहीही लिहिलं तरी तू त्याला अंगठा दाखवतोस. जुलैत लिहिलं होतं की बाबा रे, तारीख पक्की करू नकोस, औंदा आमच्या गावपळणीचं वर्ष आहे. अंगठा. ऑगस्टमध्ये पुन्हा लिहिलं. अंगठा, आणि सोबत हसणारं तोंड.

आता त्या पीडीएफबद्दल. बावीस पानं, रंगीत. 'अथांग कोकण : बारा रायडर्स, एक किनारा.' पहिल्या पानावर तुम्ही बारा जण काळी जाकिटं घालून उभे आहात, एखाद्या बँकेवर दरोडा घालून कर्ज फेडायला निघाल्यासारखे. पान नऊवर वालावल आहे. वालावलीला तू 'फारसं कुणाला माहीत नसलेलं अनवट ठिकाण' म्हटलं आहेस. अरे, तुझा जन्म तिथला! देवळामागच्या तळ्यात तुला पोहायला शिकवताना मामांचा चष्मा बुडाला तो अजून तिथेच आहे, आणि तू त्या गावाचा शोध लावतोस? पान अकरावर भोगवे ते देवबाग अंतर दोन किलोमीटर, वेळ पाच मिनिटं. मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो. नकाशात मध्ये जो निळा पट्टा दिसतो त्याला आम्ही खाडी म्हणतो, त्यात पाणी असतं. रस्त्याने जायचं तर नेरूरपारचा पूल गाठून वळसा घालून चाळीस-पन्नास किलोमीटर होतात. सहावीतल्या मुलाने ही चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभा केला असता. तुला कुठे उभा करू?

पण हेही मी सोसलं असतं. मी ज्याच्यावर अडकलो ते पान चौदा. 'दिवस तिसरा, दुपार : बाळाच्या घरी जेवण (मासे).' एवढंच. बारा रायडर्सची नावं, रक्तगट, बुटांचे नंबर आहेत. मी मात्र विजयदुर्गच्या किल्ल्याप्रमाणे एक थांबा आहे. किल्ल्याला निदान तीन ओळी इतिहास दिलाय, मला कंसात मासे.

सुशांत, शहाण्णव साली मामांच्या राजदूतवर ही सफर कोण करणार होतं? रेडी ते विजयदुर्ग, समुद्र डाव्या हाताला ठेवून, दोघं. कॅलेंडरच्या पाठीमागे रस्ता मी काढला होता (खाडी खाडीच्या जागी होती). निघायच्या आठवड्यात तुला पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं आणि तू म्हणालास, पुढच्या मे महिन्यात जाऊ. असे एकोणतीस मे महिने झाले. मी कधी आठवण करून दिली नाही, कारण आपण ठरवलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावी लागते हे मला माहीत नव्हतं. आणि आता तू चाललास, तोच किनारा, तोच डावा हात, पण अकरा अशा माणसांबरोबर ज्यांना तू दोन वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर भेटलास. आणि मी बांगडे तळायचे.

तरीही तू फोनवर म्हणालास, "तू तिथेच असतोस ना, रूट जरा चेक करून टाक." जणू रेडी ते विजयदुर्ग माझं अंगण आहे. आणि मी गेलो! (मूर्खपणाचं वर्गीकरण करायचं झालं तर तुझा पहिला नंबर, पण माझा दुसरा फार लांब नाही.) दिवाळीच्या सुट्टीत, किशोरीच्या स्कूटरवर, वही, पेन आणि मेजपट्टी घेऊन. तुमच्यातल्या एकाची गाडी तीन फूट रुंद आहे म्हणे, तेव्हा अरुंद जागा मोजायच्या होत्या. वेंगुर्ल्याच्या पुढे एका उतारावर वळण मोजत होतो, तर मागून आवाज आला, "कोणाचो रे तू? आणि काय मोजतंस?" वळून पाहिलं तर एक सत्तरीची बाई, हातात कोयती. बाजूला स्कूटर होती, तिची चावी बाईच्या दुसऱ्या हातात. मी नम्रपणे म्हणालो, "आपण गैरसमज करून घेऊ नका, माझा महामार्गाशी काहीही संबंध नाही." चूक झाली ती इथे. आमच्याकडे असं शुद्ध बोलणारा माणूस एकतर नोटीस घेऊन आलेला असतो, नाहीतर मतं मागायला. आणि महामार्गाचं नाव तिने काढलंच नव्हतं, ते मीच काढलं. बाईने चावी झंपरात टाकली आणि म्हणाली, "रस्तो रुंद करूचो आसात तर आधी माका मोज."

मग मी मालवणीवर आलो तेव्हा कुठे कोयती खाली आली. इनासिया तिचं नाव. काजूची बाग, दोन मुलगे गोव्यात, आणि मागच्या वर्षभरात महामार्गाचे मेजपट्टीवाले तिसऱ्यांदा आलेले. सरबत दिलं, चावी दिली नाही. मी तिला सगळं सांगितलं : माझा भाऊ येतोय, बारा फटफट्या, काळी जाकिटं, समुद्र डाव्या हाताला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तू खंयच्या फटफटीर?"

"मी जाणंय नाय गे," मी म्हटलं.

"मग मोजतंस कित्याक?"

सुशांत, मी शिक्षक आहे. प्रश्नाचं उत्तर येत नसलं तरी पोरांपुढे पाच मिनिटं बोलत राहायची मला सवय आहे. त्या बाईपुढे मी मेजपट्टी गुंडाळून खिशात घातली. तिने चावी काढून माझ्या हातावर ठेवली, वर एक पिशवी काजूगर दिले (सुकवलेले, हंगाम नसतानाही मागून खाणाऱ्या तुझ्यासारख्यांना सांगून ठेवतो), आणि म्हणाली, "जा बाबा, घराक जा." मला अधिकारी समजत होती तेव्हा निदान भीत तरी होती.

तरी मी घरी गेलो नाही. विजयदुर्गपर्यंत गेलो, सगळं मोजलं, दोन ठिकाणी कुत्रे मागे लागले, मिठबावच्या पुढे स्कूटरचा आरसा पडला, आणि एकदा, कुणकेश्वरच्या आधीच्या चढावर, समोर एवढं पाणी एकदम उघडलं की मी थांबून मागे वळून "बघितलंस?" म्हणालो. मागे कुणी नव्हतं. हे वहीत लिहिलेलं नाही.

आणि आता देव. तू विसरलास म्हणून सांगतो, तुझ्या सख्ख्या आत्याच्या गावाबद्दल. दर चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो, ती गावपळण. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, शाळेची घंटासुद्धा. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. बाहेर झावळांच्या झोपड्या घालून राहायचं आणि देवाने परत कौल दिला की आत यायचं. आमचा शेजारी आल्बर्ट, जो रविवारी चर्चला गेल्याशिवाय चहा घेत नाही, तोही कुलूप लावून निघतो. गेल्या खेपेलाही डिसेंबरच होता म्हणून त्याने नाताळचा कंदील झोपडीला टांगला होता. यंदाचा कौल गेल्या सोमवारी झाला. चौदा डिसेंबरला दुपारी गाव बाहेर, सतराला देवाची मर्जी असेल तर आत. तुझा 'दिवस तिसरा' म्हणजे सोळा. त्या दुपारी बारा फटफट्या घेऊन तू माझ्या दारात येशील तेव्हा गावात तुझं स्वागत करायला फक्त माकडं असतील, आणि तीही नारळ संपल्यामुळे नाराज.

हे मी तुला फोन करून सांगितलं. तू काय म्हणालास ते मी जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुझ्या नातवंडांना वाचता येईल. "बाळा, कमिटीशी बोलून एक आठवडा पुढे घेता येतं का बघ ना. आमचं बुकिंग झालंय." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. किशोरी तांदूळ निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "तुमच्या भावाक सांगा, देवाक व्हॉट्सअ‍ॅप नाय आसा." तुला ते ऐकू गेलं, कारण तू हसलास, आणि हसून झाल्यावर म्हणालास, "बरं, मग दोन तासांपुरतं घर उघडशील का? जेवून लगेच निघू."

दोन तासांपुरतं! म्हातारी माणसं खाटेवरून उचलून नेतात, बाळंतिणी जातात, ज्यांचं देवाशी नातं नाही ते शेजारधर्म म्हणून जातात, आणि मी कुलूप उघडायचं, कारण पुण्याच्या पीडीएफमध्ये मासे लिहिलेत? माझ्या आईने, तुझ्या आत्याने, पायाचं हाड मोडलेलं असताना तीन रात्री झोपडीत काढल्या. तू तेव्हा आला होतास, तिच्या उशाशी बसून सुकटाची किसमूर खाल्लीस. हे सगळं कुठे सांडून आलास रे, मेल्या? शिरा पडो तुझ्या त्या पीडीएफवर.

तेव्हा कळवतो की पान चौदावरची ती ओळ मी रद्द केली आहे. मी जेवण नाही. मी थांबा नाही. रस्त्याच्या मोजमापांची वही सोबत जोडली आहे, ती वापर. तीन फूट रुंदीच्या गृहस्थांना सांग की दोन जागी त्यांना गाडी सोडून चालावं लागेल. यापुढे आपला पत्रव्यवहार लग्न-मुंजींपुरता राहील.

मामींना पुन्हा नमस्कार. तुला नाही.

बाळा

ता. क. : किशोरी म्हणते, सोळाला बारा माणसं उपाशी गेली तर तिला झोप येणार नाही. वेशीबाहेर, आल्बर्टच्या झोपडीशेजारी, आमच्या झोपडीत जेवण मिळेल. ताटं आणू नका, टोपातून थेट पानावर वाढू. जाकिटं काढून बसायचं, गाय बिथरते.

दुसरा ता. क. : तू दोन दिवस आधी ये. बाराला पहाटे, रेडीला, गणपतीच्या देवळापाशी, एकटा. अकरा जणांना काय सांगायचं ते तू बघ. त्यांना इतकं खोटं सांगून इथवर आणलंस, आणखी एक जड नाही. बारा आणि तेरा, दोन दिवस पुरतात, मी मोजलंय. तुझी ती रेड्याएवढी गाडी आणि माझी स्कूटर, तेव्हा तू पुढे जाऊन थांबायचं आणि मी आलो की घड्याळ बघायचं नाही. चौदाला सकाळी मला सात कोंबड्या पकडायला माणूस लागेल. त्यानंतर तू मोकळा, तुझ्या रायडर्सकडे जा. नाही जमलं तर नाही म्हण, पण पुढचा मे महिना म्हणू नकोस.

तिसरा ता. क. : हे पत्र मी तीन दिवस लिहितोय. काल मध्येच कुडाळला जाऊन हेल्मेट आणलं. घरात घालून पाहिलं, तर किशोरी भोवती फिरून म्हणाली, "ह्या बरा झाला. आत काय बोलतास ता भायर आयकाक येणा नाय." तेव्हा निर्धास्तपणे ये.