चष्म्यातला झाकलेला डोळा

धाकटे, तुला ताईचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे नातीकडे अगदी मजेत आहे गं. ती चष्मे बनवते, त्यात इवलासा कॅमेरा असतो! वीज सोडली की त्यावरची काच काळी होते नि कॅमेरा गडप. मी तर टाळ्याच पिटल्या.

तुझे गुडघे काय म्हणतात?

पण परवा नातीचा साहेब म्हणाला, काच अर्धवटच काळी करा. फोटो निघेल, समोरच्याला पत्ता लागणार नाही. ही म्हणाली, "असलं मी करणार नाही." झालं, घरी बसवलीय. धड जेवत नाही.

"आजी, चुकलं का गं माझं?"

"मला कुणी असं चोरून टिपलं असतं, तर चष्म्यासकट त्याचं नाक फोडलं असतं!"

हसली, मग रडली.

तिच्या आईला एवढ्यात सांगू नकोस. माझं परतणं लांबलंय. विचारलंच तर म्हण, ताईला तिकडची हवा मानवलीय.

तुझीच,
ताई