टफीच्या अंगाचा वास

प्रिय मॅक्सीन,

हसू नकोस, पण एका स्कंकपायी मी नऊ दिवस जीव मुठीत धरून बसलेय. त्या काळ्या-पांढऱ्या, दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याची भीती नाही गं. विस्कॉन्सिनमध्ये जन्म काढलाय, त्यांच्याशी कसं वागायचं ते मला कोणी शिकवायला नको.

यंदा पायऱ्यांखाली मादी राहायला आली. शेजारच्या ऑर्विलने बिळाच्या तोंडाशी पीठ पसरायला लावलं. पावलं बाहेर गेलेली दिसली की फळी ठोक, म्हणाला. पण पिठात चिमुकली पावलंही उमटली, म्हणून मीच थांबले. एखादं पिल्लू आत कोंडलं तर आई घर उकरून काढायची. महिनाभरात आपणहून जातील, तोवर राहू देत म्हटलं.

पण आमच्या टफी कुत्र्याला कुठला धीर! मागच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी तिच्या अंगावर धावून गेला. तिने पाय आपटून बजावलं, तरी हा गाढव पुढेच. मग शेपूट वर, आणि सगळा फवारा याच्या तोंडावर. मला वाटलं, नेम हुकला असेल. घेतलं घरात, बसवलं सोफ्यावर.

ऑर्विल रस्त्यावरूनच ओरडला, "अगं आर्लिस, नाक चर्चमध्ये विसरून आलीस की काय? अख्खी गल्ली खिडक्या लावून बसलीये!" मी हसले, पण आत जाऊन टफीच्या अंगाला नाक लावून पाहिलं. वास घालवायला आईच्या रीतीने माझ्या टोमॅटोच्या रसाच्या अकरा बरण्या टफीवर रित्या केल्या. वास गेला का, हेही ऑर्विललाच विचारावं लागलं. कसला जातोय! शेवटी त्यानेच पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण ताजा कालवून, डोळे सांभाळून त्याला चोळला.

तेव्हापासून कॉफी हुंगते, व्हिनेगर हुंगते. कशाचा म्हणजे कशाचा वास येत नाही. बाबांना गोठ्यातल्या धुराचा वास कळला नव्हता, आठवतं? आपण दोघी किती हसलो होतो. चार वर्षांनी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, या आजारात आधी वासच जातो; आणि शेवटी तूच त्यांना चमच्याने भरवायचीस. मी सारखी हात पुढे धरून बघते. फार भीती वाटते गं.

सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. माझं काय व्हायचं ते होईल, पण बाबा तुझेही होते. सोबत टफीच्या पट्ट्याचा तुकडा तीन पिशव्यांत बांधून पाठवलाय. परसात जा, डोळे मीट, पिशव्या उघड आणि हुंग. मळमळलं, डोकं उठलं, तर लगेच फोन कर आणि तोंडाला येतील त्या शिव्या घाल मला. मी फोनपाशीच बसलेय.

तुझीच,
आर्लिस